पथारीवर

पौषात नंदुरबारबाहेर जमीन दिसत नाही,
मिरची दिसते.
एकरच्या एकर लाल, आणि त्या लालात
पाठमोऱ्या बाया, तोंडाला फडकं बांधून
देठ खुडत बसलेल्या.
मी हिशेबाला. पोती, वजन, हजेरी.
वहीच्या मागच्या पानांवर
बी.एस्सी.चं उरलेलं भौतिकशास्त्र.

संध्याकाळी ताडपत्री ओढून झाली की
सुपडाबाई माझ्याशेजारी टेकते,
हात अंगापासून लांब धरून,
कारण बोटांची आग रात्री दहापर्यंत उतरत नाही.
काल म्हणाली, "तू वर काय मोजस व?"

सांगितलं.
तारे नाही, ताऱ्यांची गावं.
जेवढं गाव लांब, तेवढा त्याचा उजेड
तांबड्याकडे सरकलेला.
म्हणून म्हणतात, सगळी लांब चाललीत,
दुप्पट लांबचं दुप्पट वेगानं.

ती हसली, तिला ठसका लागला.
"इतला दूरतून चालत येस, थकी गया व्हई.
मिरचीबी तशीच. झाडवर जास्ती दिन ऱ्हायनी का लाल.
झाड कोठे पळस?"

आता हिला काय सांगू,
की हीच शंका मोठमोठ्यांना आली होती:
विश्व जागच्या जागी, सातपुड्यासारखं,
आणि उजेड बिचारा चालून चालून म्हातारा.
उत्तर मला येत होतं. पेपरात लिहिलं होतं, चार गुणांचं.
तिथं, त्या खाटात, ते सापडेना.

ती आपली दुसरंच बोलत राहिली.
लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा ऊसतोडीला
गुजरातेत निघाला, पायी.
रोज मुक्कामाला एक दोरा, दोऱ्याला एक गाठ,
परतणाऱ्या गाडीवानाच्या हाती.
"तो रोज धाडे. माले एक दिन आड भेटे.
मी म्हणू, आळशी व्हयना."

मी पेन खाली ठेवलं.
सुपडाबाई, गाडीवान थकलेला असता
तर दोरा उशिरा आला असता,
पण रोज आला असता!
दिवसाआड आला, म्हणजे
मधली वाट वाढत होती.

वरही तसंच.
लांबच्या गावात एखादा तारा फुटतो,
भपकन उजळतो, मग विझत जातो.
जवळचा विझायला वीस दिवस घेतो.
त्याच जातीचा, फार फार लांबचा, चाळीस.
उजेड नुसता थकला असता तर रंग उतरला असता,
दिवस वीसच राहिले असते.
इथं दिवसच ताणले गेलेत.

फरक एवढाच की तिथं कुणी चालत नाही.
तू मांडा करतेस ना, हातावर फिरवत?
त्यावर तीळ टाकले तर
तीळ जागचे हलत नाहीत, मांडा पसरतो,
आणि जो तो तीळ म्हणतो, बाकीचे माझ्यापासून दूर गेले.

"मंग मझारमा कोन?"
मधोमध कुणीच नाही.
"शेठबी नही?"
शेठही नाही.
हे तिला विश्वापेक्षा जास्त पटलं.

मग मीच बोट दाखवलं, पश्चिमेला,
चिमूटभर धुरकट, देवयानीजवळ.
ती एक मात्र आपल्याकडे येतेय.
जवळची आहे, ओढ लागते. तिचा उजेड निळ्याकडे झुकलेला.
लाल ढिगात एखादी हिरवी राहून जाते, तशी.
पोहोचायला चारशे कोटी वर्षं.

ती बराच वेळ तिकडे बघत होती.
डोळे पुसायला हात वर नेला, आठवलं,
कोपरानं पुसले.

मी विचारलं, मग तो परत आला?
"होळीले उना."
आणि येतानाच्या गाठी?
"त्या अन् तो, एकच दिन."

दूर धुळ्याच्या रस्त्यावर ट्रक
लाल दिवे घेऊन लहान होत गेला.
मी वही उघडली. सुपडाबाई, पूर्ण दिवस.
थोडं थांबले, आणि किती लांबीचा ते
लिहायला रकाना शोधला. नव्हता.